तालमीपासून अभ्यासक्रमापर्यंत

विदर्भातील पद्धतशीर शारीरिक शिक्षणाचा इतिहास मुख्यतः अमरावतीत घडला. त्यापूर्वी आखाड्यातील मेहनत उस्तादाच्या नजरेवर चाले. दंड-बैठका, जोर, मुद्गल आणि कुस्ती यांचे ज्ञान तोंडी परंपरेने पुढे जाई. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली. टप्प्याटप्प्याने शिकवता येणारा हा व्यायाम म्हणजे क्रमबद्ध सरावाचा उत्तम नमुनाच.

1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. आखाड्याचे शिक्षण अभ्यासक्रमात बसवून शिक्षक तयार करणे हे मंडळाचे सर्वांत मोलाचे काम. एक उस्ताद एका तालमीपुरता असतो; प्रशिक्षित शिक्षक मात्र एखाद्या लहान गावातील शाळेपर्यंत पोहोचू शकतो.

बडोद्यात प्रोफेसर माणिकराव याच दिशेने झटत होते. तेथूनच द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. कबड्डीला आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले ते 1990 मध्ये, बीजिंगला.