प्रलाप : एका शब्दाची गोष्ट

आज एकच शब्द घेऊ : प्रलाप. 'लप्' म्हणजे बोलणे. आलाप, विलाप, संलाप ही त्याचीच भावंडे. अमरकोशात प्रलाप म्हणजे निरर्थक बोलणे. पाली ग्रंथांत 'सम्फप्पलाप', म्हणजे वायफळ बडबड, 10 अकुशल कर्मांत मोडते. आयुर्वेदात मात्र प्रलाप हे ज्वराचे लक्षण. तिथे दोष माणसाचा नाही, आजाराचा. तापातल्या अशा बोलण्याला आपण बरळणे म्हणतो.

माझ्या आजीचे माहेर धारवाडचे. शेवटच्या तापात ती बरळते आहे, असेच आम्ही धरून चाललो. शेजारच्या कानडी काकू आल्या, वाकून ऐकले आणि म्हणाल्या, "अहो, त्या पांघरूण मागतायत."

तेव्हापासून कुणाचे बोलणे प्रलाप ठरवण्याआधी मी थांबतो.