सोर्स कोडमधील चुकीच्या परवानग्या

युनिक्स व लिनक्स प्रणालींत प्रत्येक फाईलवर मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी परवानग्या नोंदलेल्या असतात. वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि चालवण्याचा १ असा हा हिशेब असून, साध्या फाईलला ६४४ व चालवायच्या स्क्रिप्टला ७५५ हा आकडा सर्वसाधारणपणे योग्य ठरतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली गिट ही प्रणाली यांपैकी केवळ एवढेच जपते, की फाईल चालवण्याजोगी आहे की नाही.

नेमकी हीच नोंद बिघडते. पेनड्राइव्हवरील फॅट पद्धतीत या परवानग्यांना जागाच नसते. त्यामुळे तेथून लिनक्सवर उतरवलेल्या चित्रांपासून माहितीपत्रकापर्यंत सर्वच फायली बहुधा ७५५ होतात आणि तशाच रिपॉझिटरीत शिरतात.

हा दोष केवळ टापटिपीचा नव्हे. आरंभी '#!' नसलेली मजकुराची फाईल चुकून चालवली, तर कर्नल ती नाकारतो. पण बॅशसारखे शेल तिला आज्ञांची यादी समजून ओळीओळीने वाचू लागते. ओळीच्या प्रारंभी '>' चिन्ह असल्यास त्यापुढील नावाची फाईल रिकामी होऊ शकते.

सफाई करताना सरसकट ६४४ लावणे हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे. फोल्डरची चालवण्याची परवानगी गेली की त्यात प्रवेशच बंद होतो आणि बांधणीच्या स्क्रिप्टही निकामी होतात. म्हणून प्रथम 'फाइंड' आज्ञेने केवळ चालवण्याजोग्या फायली वेचाव्यात, त्यांतून '#!' ने सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट व तयार बायनरी वगळाव्यात आणि उरलेल्यांचीच परवानगी काढावी. उलट, '#!' असूनही परवानगी नसलेल्या फायली एकेक तपासाव्यात. काही पायथन फायलींत ती ओळ निव्वळ सवयीने लिहिलेली असते.

विंडोजवर गिट सहसा डिस्कवरील परवानगीकडे पाहत नाही. तेथे गिटच्या 'अपडेट-इंडेक्स' आज्ञेने नोंद थेट बदलावी लागते. हा बदल स्वतंत्र कमिटमध्येच असावा, अन्यथा खरी दुरुस्ती त्या गर्दीत हरवते. नंतर नव्याने क्लोन करून बांधणी तपासावी.

लिनक्स कर्नलच्या प्रकल्पात तर पॅच तपासणारी स्क्रिप्टच सोर्स फाईलवरील अशा परवानगीबद्दल हटकते. शिवाय बांधणीच्या वेळी स्क्रिप्ट नेहमी शेल वा पर्लचे नाव घेऊन चालवाव्यात, परवानगीवर विसंबू नये, असा तेथील दंडक आहे. कारण जुन्या धाटणीच्या पॅचमधून ही परवानगी मुळात पोचतच नाही.