गोळी लागल्यावरचा वेळ

हिंदी सिनेमात गोळी काढण्याचा प्रसंग ठरलेला असतो. हिरोच्या दंडात गोळी, तोंडात रुमाल, जवळ दारूची बाटली. कुणीतरी सुरी तापवतं, चिमटा आत जातो, गोळी बाहेर येते आणि थाळीत 'टण्ण' वाजते. संपलं. हिरो दुसऱ्या दिवशी घोड्यावर.

खऱ्या कॅज्युअल्टीत त्या 'टण्ण'ला फारसं महत्त्व नसतं. पुष्कळदा डॉक्टर गोळी आतच राहू देतात. ती शरीरात शिरून थांबली की तिचं काम झालेलं असतं. वाटेत तिने काय फाडलं, हा खरा प्रश्न. रक्त कुठून जातंय, श्वास चालू आहे का, छातीत हवा आणि रक्त साठून फुप्फुस दबलंय का, हे आधी बघतात. छातीत नळी घालतात, रक्त चढवतात, गरज पडली तर पोट उघडतात. गोळी काढलीच, तर ती सीलबंद होऊन पोलिसांकडे पुरावा म्हणून जाते.

इतकं साधं शहाणपण यायला फार माणसं मरावी लागली. त्यातली काही आपल्याकडची आहेत.

पुण्याचं रँड प्रकरण आपण शाळेत चापेकर बंधूंच्या बाजूने वाचतो, आणि ते ठीकच आहे. पण एकदा ते दवाखान्याच्या बाजूने वाचून बघा. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची रात्र. गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमधून मेजवानी आटपून गाड्या परत निघालेल्या. दामोदर चापेकर मागून गाडीवर चढले आणि त्यांनी प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच मेला. रँड जगला, पण फक्त ३ जुलैपर्यंत. ते अकरा दिवस त्याने ससूनमध्ये काढले.

रँड हा त्या क्षणी पुण्यातल्या सर्वांत सत्ताधारी गोऱ्या माणसांपैकी एक. त्याला दवाखाना मिळाला, गोरे डॉक्टर मिळाले, सगळं मिळालं. तरी १८९७ मध्ये त्या सगळ्यात काय काय नव्हतं ते पाहा. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. रक्तगट कुणालाच माहीत नव्हते, ते लँडस्टायनरने १९०१ मध्ये सांगितले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला देणं हा जुगारच होता. पेनिसिलिन औषध म्हणून हाती यायला आणखी चाळीसेक वर्षं होती. अशा काळात गोळी लागलेला माणूस पहिल्या तासात रक्तस्रावाने मेला नाही, तर पुढचे दिवस जखम पिकण्याची वाट बघत पडून राहायचा. उपचार म्हणजे बहुतेक शुश्रूषाच.

आणि कधीकधी शुश्रूषाच जीव घ्यायची. १८८१ च्या २ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना पाठीत गोळी लागली. देशातले नामांकित डॉक्टर गोळी शोधायला जखमेत न धुतलेली बोटं घालत राहिले. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेबद्दल लिहून चौदा वर्षं झाली होती, पण यांना ते पटलेलं नव्हतं. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आले, तेही चुकलं. ७९ दिवसांनी गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली ती डॉक्टर शोधत होते त्याच्या दुसऱ्याच बाजूला. सिनेमातल्या त्या चिमट्याचा मला राग आहे तो यामुळे.

पण औषधशास्त्र सुधारलं म्हणून जखमी वाचतो असं नाही. त्याला तिथपर्यंत कुणीतरी न्यावं लागतं. हे मराठी माणसांच्या वाट्याला सर्वांत वाईट रीतीने आलं ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातली, देशावरची पोरं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली आणि हजारो जखमी झाले. त्यांना नदीपर्यंत न्यायला जे होतं ते म्हणजे खेचरांच्या, बिनस्प्रिंगच्या, सामान वाहायच्या गाड्या. मांडीचं हाड गोळीने फुटलेला माणूस त्या गाडीच्या फळीवर खडबडीत जमिनीवरून कसा गेला असेल, याची कल्पना करायला बैलगाडीतून एकदा प्रवास केलेला पुरे.

पुढे टायग्रिस नदीतून बोटी. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर बसऱ्याला थांबले होते. 'मेजिदिया' नावाची बोट जखमींनी भरून आली तेव्हा तिच्या कडांवरून दोरखंडांसारखं काहीतरी लोंबताना त्यांना लांबून दिसलं. जवळ आल्यावर कळलं, ती विष्ठा होती. माणसं इतकी दाटीने पडली होती की त्यांना हलताही येत नव्हतं. जखमा दिवसेंदिवस बांधलेल्याच नव्हत्या, काहींत किडे झाले होते. कार्टरनी हे लिहून वर कळवलं. वरिष्ठांनी त्यांनाच दम भरला. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला, लंडनमध्ये गदारोळ झाला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे गावोगावच्या स्मारकशिलांवर आकडे आहेत, किती गेले आणि किती परतले. त्यातले किती गोळीने गेले आणि किती गाडीने, हे शिलेवर लिहिलेलं नसतं.

तिसरा अडथळा कागदाचा. गोळीची जखम म्हणजे 'मेडिको-लीगल केस', पोलिसांना कळवायचीच. नियम योग्य आहे. पण त्याच्या भीतीने वर्षानुवर्षं खाजगी डॉक्टर म्हणत आले, "ही पोलिस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या." असाच एक स्कूटरस्वार अपघातानंतर जवळच्या डॉक्टरकडून २० किलोमीटरवरच्या 'अधिकृत' रुग्णालयाकडे पाठवला गेला आणि वाटेतच मेला. पेपरातली ती बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. कलम २१, जगण्याचा हक्क. हा निकाल आजही कित्येकांना माहीत नसतो, म्हणून तारखेसकट लिहिला.

आता २६ नोव्हेंबर २००८. अशोक कामटे सोलापूरकरांच्या ओळखीचे, मुंबईला जाण्याआधी ते सोलापूरचे पोलिस आयुक्त होते. त्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर एकाच गाडीत होते. समोर एके-४७. तिची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगाने निघते, गावठी कट्ट्याच्या कितीतरी पट. वेग दुप्पट झाला की गोळीतली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे आतलं नुकसान छिद्रापुरतं राहत नाही. अतिरेक्यांनी अधिकाऱ्यांना रस्त्यावर टाकून गाडी पळवली. मागे जखमी होऊन पडलेले हवालदार अरुण जाधव तेवढे वाचले, आणि त्यांनीच नंतर वायरलेसवरून खबर दिली.

विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमच्या नोंदी मिळवल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं. हे अधिकारी जखमी अवस्थेत बराच वेळ मदतीविना पडून होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. हॉस्पिटलची भिंत शेजारी होती. पण ते हॉस्पिटल बायका-मुलांचं, आणि त्या रात्री त्याच्यावरच हल्ला झालेला. लवकर पोचले असते तर वाचले असते का, यावर मी काही म्हणणार नाही. पण एका पत्नीला मिनिटांचा हिशेब स्वतः अर्ज करून मागावा लागला, हे मला १९१५ च्या बोटीइतकंच बोचतं.

आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, राज्यभर ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. मोहोळहून सोलापूरचं सिव्हिल तीस-पस्तीस किलोमीटर, पुणे हायवेने. रात्री रस्ता मोकळा असला तरी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात जखमी माणूस डॉक्टरच्या हातात नसतो, तुमच्याआमच्या हातात असतो. १०८ लावा. स्वच्छ कापड, ओढणी, टॉवेल, जे असेल ते जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबा. पाणी मागितलं तरी पाजू नका, पुढे ऑपरेशन असू शकतं. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. आणि रक्त थांबलं का, हे बघायला मध्येच हात उचलू नका.