समुद्राची शक्ति आणि मराठवाडा

नांदेडच्या घाटावरून पाहिलें असतां गोदावरीचें पाणी संथपणें पूर्वेकडे जातांना दिसतें. लातूर जिल्ह्यांतून वाहणारी मांजराही शेवटीं त्याच नदीस मिळते. ह्या दोन जिल्ह्यांचा समुद्राशीं कांहीं संबंध असेल तर तो एवढाच, असें सामान्यतः समजलें जातें. तेव्हां समुद्रावरील वारा, लाट आणि भरती ह्यांपासून वीज निर्माण करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास मराठवाड्यानें कां ऐकावा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर मराठवाड्याच्या कोरड्या धरणांत सांपडतें.

परळी वैजनाथ येथील औष्णिक वीजकेंद्र हें मराठवाड्यांतील उद्योगाचें एक मोठें ठाणें. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, वाफेनें चक्र फिरवावयाचें आणि ती वाफ पुन्हां थंड करावयाची, अशी औष्णिक केंद्राची रीत असल्यामुळें त्याला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. फेब्रुवारी २०१३ मध्यें दुष्काळानें हें पाणी तुटलें आणि १,१३० मेगॅवॅट शक्तीचें तें केंद्र सबंध बंद ठेवावें लागलें. जुलै २०१५ मध्यें पुन्हां तोच प्रसंग आला. पुढच्याच उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें व लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पांच लक्ष लिटर पाणी घेतलेली पहिली गाडी सुमारें ३४० किलोमीटरांचा प्रवास करून १२ एप्रिल २०१६ रोजीं लातुरास पोंचली. जेथें माणसाच्या घोटाला पाणी नाहीं, तेथें वाफेच्या चक्राला तें कोठून मिळणार? वारा, लाट आणि भरती ह्यांच्या विजेला वाफ लागत नाहीं, धरणाचें पाणीही लागत नाहीं. म्हणून हा विषय किनाऱ्याइतकाच दुष्काळी मुलुखाचाही आहे.

ह्या तिन्ही शक्तींचा स्वभाव निरनिराळा आहे. उन्हानें पृथ्वी कमीअधिक तापते, हवा हलते आणि वारा सुटतो. तो वारा समुद्राच्या पृष्ठावरून दूरवर घासत गेला म्हणजे लाट उठते. भरती मात्र चंद्र व सूर्य ह्यांच्या आकर्षणानें येते. त्यामुळें वारा लहरी, लाट त्याच्याहून थोडी स्थिर, आणि भरती पंचांगाइतकी नियमित. दोन भरत्यांमध्यें सुमारें १२ तास २५ मिनिटांचें अंतर असतें. कोंकणांतील कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडीं सांगतो, तें ह्या नियमितपणाच्याच जोरावर.

भारतांत समुद्राचें पद्धतशीर मोजमाप प्रथम भरतीचें झालें. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची नोंद होऊं लागली. पुढच्याच वर्षीं एडवर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या योजनेप्रमाणें भारतीय बंदरांच्या भरतीचें गणित करणारें यंत्र विलायतेंत तयार झालें. बंदरोबंदरीं एकाच रीतीनें नोंदी घ्यावयाच्या, त्या एका ठिकाणीं जमवावयाच्या, आणि त्यांवरून पुढील वर्षाचीं कोष्टकें छापावयाचीं, असा हा क्रम होता. हा खटाटोप गलबतांसाठीं होता, शक्तीसाठीं नव्हता. परंतु अनेक ठिकाणचें ज्ञान एका सूत्रांत ओंवलें म्हणजे त्याचें मोल किती वाढतें, ह्याचा तो आपल्याकडील पहिला धडा होय.

वाऱ्याकडे शक्ति म्हणून पाहण्यास स्वातंत्र्यानंतर प्रारंभ झाला. १९५२ सालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें पवनशक्तीसाठीं एक उपसमिति नेमली. ऑक्टोबर १९५४ मध्यें नव्या दिल्लीस युनेस्कोच्या विद्यमानें वारा व सूर्य ह्यांच्या शक्तीवर देशोदेशींच्या शास्त्रज्ञांची परिषद भरली. १९५९ सालीं राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा स्थापन झाली आणि बंगळुरास तिच्या पवनशक्ति विभागानें विहिरीचें पाणी उपसणारी पवनचक्की तयार केली. परंतु त्याच काळांत तेलाचे व विजेचे पंप खेडोपाडीं पोंचूं लागले होते. स्वस्त तेलापुढें वाऱ्याची किंमत कोणास वाटेना, आणि तें काम मागें पडलें.

१९७३ सालीं तेलाचे भाव एकाएकीं भडकले, तेव्हां साऱ्या जगाला वाऱ्याची आठवण झाली. भारत सरकारनें १९८१ सालीं ऊर्जेच्या अतिरिक्त साधनांसाठीं आयोग नेमला आणि १९८२ सालीं अपारंपरिक ऊर्जेचें स्वतंत्र खातें उघडलें. १९८१ सालींच समुद्रविकासाचेंही एक खातें निर्माण झालें होतें. ह्या दोन्ही गोष्टी स्तुत्य होत्या. तथापि त्यांतून एक फांटाफूट झाली. जमिनीवरचा वारा एका खात्याकडे गेला, समुद्राची लाट दुसऱ्याकडे गेली, आणि भरतीच्या विजेचा अभ्यास केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाकडे राहिला. एकाच किनाऱ्यावरच्या तीन शक्ति तीन दप्तरांत बांधल्या गेल्या. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास ह्या तीन दप्तरांचा इतिहास आहे.

त्यांपैकीं वाऱ्याचें दप्तर सर्वांत भाग्यवान ठरलें, आणि त्याचें श्रेय मोजमापास आहे. वाऱ्यांतील शक्ति त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. वेग दहा टक्क्यांनीं अधिक असला तर शक्ति सुमारें तेहतीस टक्क्यांनीं अधिक मिळते. म्हणजे वेग मोजण्यांत थोडी चूक झाली तरी साऱ्या योजनेचा हिशेब कोसळतो. हें मर्म ओळखणाऱ्या विदुषी म्हणजे अण्णा मणी. १९१८ सालीं जन्मलेल्या ह्या शास्त्रज्ञ बाई १९४८ सालीं पुण्यास हवामानखात्याच्या उपकरणविभागांत आल्या. तोंवर साधीं उपकरणेंही परदेशांतून येत असत. बाईंनीं सुमारें शंभर उपकरणांचे प्रमाणभूत आराखडे सिद्ध करविले, आणि देशांत तयार होणारें प्रत्येक उपकरण एकाच मापानें मोजेल अशी व्यवस्था लावली. निवृत्तीनंतर त्यांनीं भारतांतील वाऱ्याच्या नोंदी एकत्र केल्या; १९८३ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्यापुढें देशभर शेंकडों ठिकाणीं उंच खांबांवरून वारा मोजण्याचें काम त्यांच्या मार्गदर्शनाखालीं चाललें. पवनचक्की कोठें उभारावी, ह्याचा निर्णय अंदाजानें न होतां आंकड्यांनीं होऊं लागला तो येथपासून.

त्या आंकड्यांचें फळ १९८६ च्या सुमारास दिसलें. गुजराथेंत ओखा, तमिळनाडूंत तुतिकोरीन आणि महाराष्ट्रांत देवगड अशा समुद्रकांठच्या ठिकाणीं सरकारनें नमुन्यादाखल पवनचक्क्यांचे समूह उभारले. देवगडच्या सड्यावर, जेथें हापूसच्या बागांना वाऱ्यापासून जपावें लागतें, तेथेंच त्या वाऱ्याला कामास लावण्याचा हा प्रयोग होता. एकेक यंत्र अवघें ५५ किलोवॅटांचें. आजच्या दृष्टीनें तें खेळण्यासारखें वाटेल. परंतु खाऱ्या हवेंत पोलाद कसें टिकतें, पावसाळ्यांतील झंझावातांत यंत्र केव्हां थांबवावें, गांवच्या तारांत ती वीज कशी मिसळावी, हें सर्व अशाच ठिकाणीं शिकतां आलें. नव्वदीच्या अखेरीस साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि पुढें त्या बीड व धाराशिव जिल्ह्यांतील बालाघाटाच्या माथ्यापर्यंत आल्या. १९९८ सालीं चेन्नईस पवनऊर्जेसाठीं केंद्र स्थापन झालें. तेंच आज राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था ह्या नांवानें ओळखलें जातें.

लाटेचें दप्तर असें भाग्यवान नव्हतें. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनें समुद्रविकास खात्याच्या साहाय्यानें ऐंशीच्या दशकांत ह्या कामास हात घातला, आणि १९९१ सालीं केरळांत तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम येथें १५० किलोवॅटांचें केंद्र सुरू केलें. मासेमारीच्या बंदराचा जो धक्का, त्याच्या पुढें काँक्रीटची एक प्रचंड पेटी समुद्रांत बसविली होती. लाट आंत शिरली म्हणजे पेटींतील हवा वर रेटली जाई. लाट ओसरली म्हणजे ती खालीं ओढली जाई. ह्या येणाऱ्या-जाणाऱ्या हवेनें फिरणारें चक्र असें घडविलें होतें कीं हवा कोणत्याही दिशेनें आली तरी तें एकाच दिशेनें फिरावें. लोहाराच्या भात्याची ही उलटी कल्पना होय : भात्यांत माणूस वारा निर्माण करतो, येथें वारा माणसासाठीं राबतो.

कल्पना उत्तम होती. अडचण लाटेच्या स्वभावांत होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळांत लाटा उंच, हिवाळ्यांत अगदींच बुटक्या. आणि एकाच तासांतही एक लाट मोठी तर पुढची लहान. अशी हेलकावे खाणारी वीज तारांत सोडणें कठीण. १९९३ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनें पुढें हें केंद्र हातीं घेऊन चक्र बदलून पाहिलें, आणि २००४ सालीं लाटेच्या विजेनें समुद्राचें पाणी गोडें करण्याचा प्रयोगही यशस्वी केला. पाण्यास हेलकाव्यांची तितकीशी पर्वा नसते. टाकी सावकाश भरली तरी चालते. तरीही विळिंजमला धाकटें भावंड झालें नाहीं. एक केंद्र उभें राहिलें, त्यानें पुष्कळ शिकविलें, आणि यथावकाश तें मोडीत निघालें. ज्या १९९१ सालीं विळिंजम सुरू झालें त्याच सालीं डेन्मार्कनें विंदेबी येथें अकरा पवनचक्क्या समुद्रांत रोंवल्या. त्या २०१७ मध्यें काढल्या गेल्या तोंवर त्यांच्या कितीतरी पट मोठ्या चक्क्या युरोपच्या समुद्रांत फिरत होत्या. दोन प्रारंभ एकाच वर्षाचे. एकाला परंपरा लाभली, दुसऱ्याला लाभली नाहीं.

भरतीचें दप्तर तर कागदांतच राहिलें. फ्रान्सनें १९६६ सालीं रान्स नदीच्या मुखावर २४० मेगॅवॅटांचें भरतीकेंद्र चालू केलें होतें. आपल्याकडे खंबायतच्या आखातांत भरती-ओहोटींतील अंतर अकरा मीटरांपर्यंत जातें, कच्छच्या आखातांत आठ मीटरांपर्यंत. खंबायतेंत ७,००० व कच्छांत १,२०० मेगॅवॅट शक्ति असल्याचा अंदाज झाला. १९८२ पासून कच्छच्या आखाताची पाहणी होऊन ९०० मेगॅवॅटांची योजना आंखली गेली. २०११ सालीं त्याच आखातांत ५० मेगॅवॅटांच्या केंद्राची घोषणाही झाली; परंतु तें उभें राहिलें नाहीं. आखात अडविण्यास लागणारा पैसा, गाळ, बंदरांची वाट आणि मच्छीमारांचा चरितार्थ ह्यांचा हिशेब जुळेना.

ह्या विषयांत अडखळणारें राष्ट्र एकटें भारत नव्हे. ब्रिटननें १९७६ सालीं लाटेच्या विजेचा मोठा कार्यक्रम आरंभिला आणि १९८२ सालीं तो आंखडता घेतला. पुढें त्या देशानें दोन गोष्टी केल्या. २००३ सालीं ऑर्क्नी बेटांवर एक सामाईक चांचणीस्थळ उघडलें, कीं जेथें कोणाचेंही यंत्र खऱ्या समुद्रांत एकाच मापानें पारखतां यावें. आणि २०१८ सालीं समुद्रावरील वारा, लाट व भरती ह्या तिन्ही विषयांचें विद्यापीठीय संशोधन प्लिमथ विद्यापीठाच्या नेतृत्वाखालीं एका संघटनेंत गोंवलें. त्यामागील विचार साधा आहे. यंत्रें तीन असलीं तरी त्यांना बुडविणारा समुद्र एक आहे. पायाचा गाळ, तारेचा गंज, वादळाचा धक्का, दुरुस्तीची नौका, हे प्रश्न तिघांनाही सारखेच. एकानें सोडविलेला प्रश्न दुसऱ्यानें पुन्हां पहिल्यापासून सोडवावा, ह्यासारखा अपव्यय नाहीं.

भारतानेंही त्या दिशेनें पाऊल टाकलें आहे. ऑक्टोबर २०१५ मध्यें समुद्रावरील पवनऊर्जेचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें आणि अनेक मंत्रालयांच्या परवानग्यांचा गुंता सोडविण्याचें काम राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेकडे सोंपविलें गेलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें खंबायतच्या आखातांत प्रकाशकिरणांच्या साहाय्यानें वारा मोजणारें उपकरण बसविलें. ऑगस्ट २०१९ मध्यें लाट व भरती ह्यांच्या विजेलाही नवीकरणीय ऊर्जेंत गणलें गेलें. जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तींत गुजराथ व तमिळनाडू ह्यांच्या समुद्रांत प्रत्येकीं ५०० मेगॅवॅट शक्ति उभारावयाची आहे.

ही वीज लातुरास वा नांदेडास कशी पोंचणार? त्याचें साधन तयार आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ह्या ७६५ किलोव्होल्टांच्या वाहिनीनें दक्षिण भारताचें विद्युत्-जाळें उर्वरित देशाशीं जोडलें गेलें. मराठवाड्याच्या उंबऱ्यावरून गेलेल्या ह्या तारेमुळें तमिळनाडूच्या समुद्रावरील वारा बालाघाटाच्या पायथ्याचा पंप फिरवूं शकतो. एक मर्यादा मात्र विसरतां कामा नये. पश्चिम किनाऱ्यावर वारा व लाट ह्यांचा जोर आषाढ-श्रावणांत असतो, आणि मराठवाड्याच्या विहिरी तळ गांठतात त्या चैत्र-वैशाखांत. तेव्हां केवळ चक्क्या उभारून भागणार नाहीं. साठवण, सूर्याची वीज आणि हवामानाचें भाकित ह्यांची सांगड घालावी लागेल, आणि ती सांगड हाही संशोधनाचाच विषय आहे.

त्या संशोधनांत किनाऱ्याचाच अधिकार आहे असें नाहीं. समुद्राच्या लाटांचें भाकित देणारी राष्ट्रीय संस्था हैदराबादेस आहे. जें शहर १९५६ पर्यंत नांदेड-लातूरची राजधानी होतें आणि ज्याला समुद्र नाहीं. १९९४ पासून नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यानें समुद्राच्या आंकड्यांवर काम करण्यास समुद्र खिडकींतून दिसलाच पाहिजे असें नाहीं. लातुरास पाण्याची गाडी कां आणावी लागली हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला पाण्यावांचून होणाऱ्या विजेचें मोल किनाऱ्यावरच्यापेक्षां अधिक कळतें.