पाणी गाळणारी शाळा

समुद्राचे पाणी ओंजळीत घेतले, तर त्यात पाण्यावाचून आणखी काही आहे असे डोळ्यांना दिसत नाही. मुलांना समुद्रजीवन शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाची पहिली अडचण हीच होय. देवमासा चित्रात दाखविता येतो, शंख वर्गात आणून मेजावर ठेवता येतो. परंतु ज्यांच्या आधारावर देवमाशापासून बांगड्यापर्यंत बहुतेक सर्वांचा निर्वाह चालतो, ते प्रवाहाबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव, म्हणजेच प्लवक, दाखवावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर सापडले ते कापडाच्या एका साध्या पिशवीत.

इ. स. १८३२ च्या जानेवारीची १० तारीख. ‘बीगल’ हे जहाज तेनेरीफ बेट मागे टाकून केप व्हर्द बेटांच्या दिशेने चालले होते. जहाजावरील बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनने निशाणे शिवण्याच्या कापडाची चार फूट खोल पिशवी केली, तिचे तोंड अर्धवर्तुळाकार कमानीला बांधले आणि ती जहाजामागे पाण्यात सोडली. पिशवीत जे आले ते तपासता तपासता दुसऱ्या दिवशी तो थकून गेला. इतक्या क्षुद्र जीवांना इतके सुंदर आकार आणि रंग लाभावेत, आणि तेही वरकरणी एवढ्या थोड्या प्रयोजनासाठी, याचे त्याने रोजनिशीत आश्चर्य व्यक्त केले. सौंदर्य त्याला दिसले. प्रयोजन मात्र त्या दिवशी दिसले नाही. ते कळण्यास पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

अशी पिशवी वापरणारा डार्विन हा पहिला नव्हे. ब्रिटिश सैन्यातील शल्यवैद्य जॉन व्हॉन टॉमसन याने आयर्लंडच्या किनाऱ्यावर तिचा उपयोग त्याच्या आधीच केला होता. पाण्यात तरंगणारा, डोक्यावर काटा मिरविणारा एक चिमुकला प्राणी त्या काळी स्वतंत्र जातीचा मानला जाई. तो खेकड्याचे पिल्लू आहे, हे टॉमसनने दाखवून दिले. खडकाला चिकटून जन्म काढणारे बार्नॅकलही बाल्यावस्थेत मोकळे पोहत असतात, हा शोधही त्याचाच.

पिशवीतून शाळा निर्माण झाली ती मात्र जर्मनीत. बर्लिन विद्यापीठातील योहानेस म्यूलर हा शरीरक्रियाविज्ञानाचा नामांकित अध्यापक. सुट्टी लागली की तो उत्तर समुद्रातील हेल्गोलांड बेटावर जाई, लहान होडीतून बारीक जाळे ओढी आणि काचपात्रातील पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरी. १८५४ मध्ये एर्न्स्ट हेकेल हा वीस वर्षांचा विद्यार्थी तेथे त्याच्याबरोबर होता. पुढे या तरंगत्या जीवांची चित्रे काढण्यात त्याने आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. या शिक्षणाची किंमतही म्यूलरला मोजावी लागली. १८५५ मध्ये नॉर्वेहून परतताना त्याचे जहाज टकरीत बुडाले. म्यूलर स्वतः वाचला. त्याच्या सोबतचा एक विद्यार्थी बुडून मरण पावला. त्यानंतर तीनच वर्षांनी म्यूलरचेही निधन झाले.

विद्यापीठाचा विद्यार्थी होडीत बसला, तरी शाळेतील मूल अजून दूरच होते. दोघांमध्ये जो उभा असतो, त्या शाळाशिक्षकाला समुद्राकाठी नेण्याचे श्रेय लुई आगासिझ या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या प्राणिशास्त्रज्ञाला द्यावे लागते. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने १८५९ मध्येच जेलीफिश, तारामासे, पोवळी यांविषयी मुलांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले होते. तथापि पुस्तकांवर आगासिझची फारशी भिस्त नव्हती. नव्या विद्यार्थ्यासमोर एक मासा ठेवून द्यावा, ‘पाहा’ एवढेच सांगावे आणि निघून जावे, ही त्याची रीत. काय दिसले असे तो मधूनच येऊन विचारी आणि पुन्हा पाहावयास सांगी. असे दिवसच्या दिवस चाले.

जॉन अँडरसन या न्यूयॉर्कच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज हे लहानसे बेट आणि ५०,००० डॉलर त्याच्या स्वाधीन केले. ८ जुलै १८७३ रोजी तेथे उन्हाळी शाळा उघडली. इमारतींचे काम अपुरे होते. पहिली सभा एका जुन्या गोठ्यात भरली आणि वर पाकोळ्या आपल्या घरट्यांत ये-जा करीत राहिल्या. सुमारे पन्नास विद्यार्थी जमले होते. त्यांत शाळा-महाविद्यालयांतून शिकविणारे पुष्कळ होते आणि स्त्रियाही होत्या. स्त्रियांना विज्ञानाची प्रयोगशाळा बहुधा बंद असण्याचा तो काळ. व्याख्याने होत, पण खरा अभ्यास चाले तो समुद्रातून नुकत्याच काढलेल्या जिवंत प्राण्यांवर.

आगासिझला सर्वच बाबतींत गुरू मानावे असे मात्र नाही. उत्क्रांतीचा सिद्धांत त्याने अखेरपर्यंत नाकारला, आणि मानववंशांविषयीची त्याची मते तर आज वाचवत नाहीत. पण डोळे उघडून पाहावयास त्याने ज्यांना शिकविले, त्यांतील कित्येकांनी याच बाबतीत गुरूचे ऐकले नाही. ही त्या शिक्षणपद्धतीचीच कमाई म्हणावी लागेल!

त्याच वर्षी डिसेंबरात आगासिझ वारला. पुत्र अलेक्झांडर याने १८७४ चा उन्हाळा कसाबसा चालविला आणि शाळा बंद झाली. पुढे त्या बेटावर काही वर्षे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. परंतु पेनिकीजला शिकून गेलेला चार्ल्स ओटिस व्हिटमन हा बॉस्टनमधील शाळाशिक्षक १८८८ मध्ये जवळच्याच वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा पहिला संचालक झाला. ती प्रयोगशाळा आजही चालू आहे.

या सर्व खटाटोपात त्या तरंगत्या जीवसृष्टीला सर्वमान्य नाव असे नव्हतेच. १८८७ मध्ये कील येथील व्हिक्टर हेन्सेन याने ‘भटकणारे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘प्लँक्टन’ हे नाव दिले. हेन्सेनला सौंदर्यापेक्षा हिशेबाची ओढ अधिक. समुद्रात मासे किती पोसले जातील, हे जाणावयाचे तर त्यांचे मूळ अन्न मोजले पाहिजे, हा त्याचा विचार. गिरणीत पीठ चाळण्यासाठी वापरतात ते तलम रेशमी कापड त्याने जाळ्यासाठी निवडले, कारण त्याची छिद्रे एकसारखी असतात. १८८९ मध्ये ‘नॅशनल’ या आगबोटीतून त्याने अटलांटिक महासागर पालथा घातला. उष्ण कटिबंधातील निळाशार समुद्र जीवांनी गजबजलेला असेल ही अपेक्षा खोटी ठरली. थंड पाणीच अधिक समृद्ध निघाले. यावर तुटून पडला तो हेल्गोलांडचा जुना विद्यार्थी हेकेल! प्लवक सर्वत्र सारखे पसरलेले नसतात, तेव्हा ही मोजणी व्यर्थ, असे त्याचे म्हणणे. प्लवक विषम पसरलेले असतात, हे त्याचे म्हणणे खरे ठरले. मोजणी मात्र थांबली नाही. त्या मोजणीनेच डार्विनला न दिसलेले प्रयोजन उलगडत गेले. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जे काही निर्माण होते, त्यातील सुमारे निम्मे समुद्रातील वनस्पतिप्लवक निर्माण करतात, हे आज ज्ञात आहे.

अरबी समुद्राचा हिशेब असाच मांडला गेला तो १९६० नंतरच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी एकाच मापाचे जाळे पाण्यात सोडले आणि त्यांतील प्राणिप्लवकांची निवड करण्यासाठी कोची येथे केंद्र स्थापन झाले. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. गोव्यात दोनापावलच्या टेकडीवर ती उभी आहे. पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलातील क्षारयुक्त पाणी वर येते, त्यावर डायाटम या एकपेशीय वनस्पती माजतात आणि तारली-बांगडे त्यांवर व त्या खाणाऱ्या प्राणिप्लवकांवर पुष्ट होतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात लोटणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात जे येते, त्याचा आरंभ असा असतो.

वर्गासाठी लागणारे साहित्य आजही थोडेच आहे. तारेचे कडे, नायलॉनचा जुना पायमोजा, टोकाला बांधलेली बाटली. खाडीच्या धक्क्यावरून ते काही वेळ ओढले की थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाला पुरते. पुष्कळ देशांतील शाळांत मुलांना चिकणमाती आणि काड्या देऊन प्लवकाची प्रतिकृती करावयास सांगतात. ती पाण्यात सोडावयाची आणि जी सर्वांत सावकाश बुडेल ती जिंकली. तरंगणारी बाद, कारण खऱ्या प्लवकाला उजेडाजवळ राहावयाचे असते, पृष्ठभागावर अडकून पडावयाचे नसते. काटे आणि पिसारे प्लवकांना का असतात, हे एकदा स्वतःची प्रतिकृती तळाशी गेलेली पाहिलेल्या मुलाला निराळे सांगावे लागत नाही.

समुद्र कधी न पाहिलेल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना हा पाठ परका वाटण्याचे कारण नाही. तळ्यात, विहिरीत, पायऱ्यांच्या बारवेत प्लवक असतातच. त्यांतील सायक्लॉप्स हा सागरी प्राणिप्लवकांचा सख्खा भाऊबंद, आणि त्याच्याच पोटातून नारूचा जंतू माणसाच्या शरीरात शिरे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र, गुजरात, राजस्थान या राज्यांतील गावोगाव पायातून वीतभर, हातभर लांबीचा कृमी काडीवर गुंडाळत दिवस कंठणारी माणसे होती. या रोगावर लस नव्हती, त्याला समूळ मारणारे औषधही नव्हते. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या निर्मूलन कार्यक्रमात सुरक्षित विहिरी, पाण्यावर औषधाची फवारणी आणि घागरीच्या तोंडावर कापड बांधून पाणी गाळणे, यांवर भर होता. पाण्यात तुरुतुरु चालणारा तो ठिपका भिंगातून एकदा दाखविला की गाळण्याचे कारण पटे. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.