टोपलीपासून टाकीपर्यंत

मंडीदीप आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु या नावातील 'दीप' म्हणजे 'द्वीप' असे जुनी माणसे सांगतात. अकराव्या शतकात राजा भोजाने भोजपूरजवळ बांध घालून जे विस्तीर्ण सरोवर निर्माण केले, त्यातील हे बेट, अशी ती आख्यायिका. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहाने बांध फोडला व सरोवर लयाला गेले. त्या जलाशयाच्या तळाशी आज आपण घरटी पाण्याचा हिशेब मांडतो आणि या हिशेबात शौचकूपाचा वाटा मोठा निघतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेने शहरी माणसामागे रोज 45 लिटर पाणी केवळ त्यासाठी धरले आहे.

आपल्या घराण्यांच्या जुन्या वाड्यांत परसदारी टोपलीचे संडास असत. त्यांना पाणी जवळजवळ लागतच नसे. मात्र त्या बचतीचे मोल मागच्या बोळातून येणारी माणसे डोक्यावर मैला वाहून चुकवीत होती, हे काटकसरीचे गोडवे गाताना आम्हाला विसरवत नाही. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पा पटवर्धनांनी सफाईचे काम मागितले. उच्चवर्णीय म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपवास आरंभला आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न वर्ज्य केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले.

शहरांत मात्र उत्तर निराळे मिळाले. उंचावर बसवलेली ओतीव लोखंडाची टाकी आली. साखळी ओढताच दहा-बारा लिटर पाणी धडाडत खाली येई. सरकारी निवासस्थानांत तो आवाज प्रतिष्ठेचा वाटे. टोपली गेली हे उत्तमच झाले, पण पाण्याचा विचार कोणी केला नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, हे बिंदेश्वर पाठक यांनी 1970 पासून सुलभच्या कामातून दाखवले. भांड्याचा उतार अधिक तीव्र आणि खालच्या वळणात साठणारे पाणी अवघे 20 मिलिमीटर खोल. त्यामुळे दीड-दोन लिटर ओतले की काम होते. मैला आळीपाळीने वापरायच्या दोन खड्ड्यांत जातो. एक भरला की दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यात दोनेक वर्षांत खत तयार होते, हातांनी मैला उपसावा लागत नाही. कायद्याने मैला वाहून नेण्यास बंदी आली ती मात्र 1993 साली.

ऑस्ट्रेलियासारख्या कोरड्या देशात 1980 साली ब्रूस थॉम्पसन यांनी दोन कळांची टाकी सिद्ध केली. आज ती आपल्याकडेही सर्रास मिळते : एक कळ तीन लिटरची, दुसरी सहाची. पाच माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा टाकी सोडली असे धरू. दहा लिटरच्या टाकीला 200 लिटर लागतील. दोन कळांच्या टाकीत मोठी कळ पाच वेळा व लहान पंधरा वेळा दाबली, तर 75 लिटर पुरतात.

नवी टाकी लगेच घेणे शक्य नसेल, तर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली, घट्ट बुचाची एक लिटरची बाटली झडपेला अडणार नाही अशी उभी ठेवावी. आम्ही पूर्वी वीट ठेवली होती. ती झिजून माती झडपेत गेली आणि टाकी रात्रभर गळत राहिली.