किंगरीतला 'ग'

माघ पौर्णिमेला कचारगडावर कोया पुनेमची, म्हणजे गोंडांच्या धर्माची, जत्रा भरते, हे सालेकशापासून नागपुरापर्यंत कुणीही सांगेल. मी अडकलो तो या जत्रेमागच्या कथेतल्या वाद्यापाशी. कली कंकालीची ३३ पोरं गुहेत कोंडलेली, तोंडावर शिळा. हिरासुका पाटालीर बाहेर किंगरी वाजवतो, पोरांच्या अंगात बळ येतं, शिळा ढकलली जाते आणि हिरासुकाच तिच्याखाली चिरडला जातो.

किंगरी परधानांची, म्हणजे गोंडांच्या भाटांची. पोकळ लाकडावर कातडं, घोड्याच्या केसांच्या तीन तारा, हातात गज. आदिलाबादेत तिला किकरी म्हणतात. जोडीला सनईच्या कुळातलं पेप्रे आणि ढोल. म्होरक्या कथा गातो, साथीदार सूर उचलून धरतात.

आता नाव. कोशकार 'किन्नरी' लिहून मोकळे होतात. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीत लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'त किन्नरी वीणा आहे खरी, पण तिला पडदे नि भोपळे, आणि ती बोटांनी छेडायची. शिवाय 'ग' आडवा येतो. वानराचा वांदर झाला, तशी किन्नरीची किंद्री व्हायला हवी!

दुसरा पक्ष म्हणतो, तार 'किंग' वाजते म्हणून किंगरी. कानाला गोड, पण कानावर किती विसंबायचं? मेक्सिकोच्या मारियाची वाद्यवृंदाचं नाव फ्रेंच 'मारियाज', म्हणजे लग्न, यावरून आलं असं लोक छातीठोकपणे सांगत. मग एका पाद्र्याचं १८५२ चं पत्र निघालं, त्यात 'मारियाची' हा शब्द होता. फ्रेंच फौजा तिथे उतरल्या १८६२ मध्ये. आणि गजाखालची तार 'किंग' वाजतच नाही, ती कण्हते. 'किंग' वाजते छेडलेली तार.

म्हणजे दोन्ही वाटा छेडायच्या वाद्यापाशीच जातात. मग हे नाव गजाच्या वाद्याला कुणी आणलं? माझं बोट जोग्यांकडे. जायसीच्या 'पद्मावता'त, १५४० च्या सुमारास, राजा जोगी होऊन निघतो तो किंगरी घेऊनच. परधानांचं वाद्य आधीपासून होतं, नाव तेवढं दारोदार फिरणाऱ्या जोग्याकडून चिकटलं. पुरावा हवा तर मध्य प्रदेशात जा: तेच परधान, त्याच तीन तारा, तोच गज, पण नाव बाना. जोग्याचं नाव तिथे रुजलंच नाही.

राहिला 'ग'. जोग्याच्या गळ्यात फुंकायची शिंगी, हातात किन्नरी. दिवसभर दोन्ही नावं एका दमात घेणाऱ्याच्या तोंडी शिंगीचा 'ग' किन्नरीला लागला, असा माझा दांडगा अंदाज.